ओपन वर्ल्ड रेसिंगमधलं ट्रॅफिक : ती पांढरी व्हॅन नेमकी माझ्याच पुढ्यात का वळते?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

काल रात्री एक शर्यत हरलो आणि तेव्हापासून एक पांढरी व्हॅन डोक्यातून जात नाहीये.

ओपन वर्ल्ड, म्हणजे नकाशावर कुठेही मोकळं फिरता येतं असा रेसिंग गेम; त्यातली हायवेवरची लांबलचक शर्यत. शेवटचा किलोमीटर उरलेला, मी पहिला, दुसरा आरशातही दिसत नव्हता. वेग ३००च्या आसपास. तीन लेन होत्या. डावीकडच्या लेनमध्ये ट्रक, उजवीकडच्या लेनमध्ये ही व्हॅन गुमान चाललेली, मधली लेन लख्ख मोकळी. मी मधून सुळकन निघणार, तेवढ्यात व्हॅनबाईंना मधल्या लेनची आठवण झाली. पुढचं सांगत नाही. गाडी हवेत असतानाच चार जण पुढे निघून गेले.

गेमचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद 'तो गेमच भंगार' आणि 'तुला खेळता येत नाही' यातच जातील. प्रश्न एकूणच ट्रॅफिकबद्दल आहे. रस्त्यावर ज्या बिनचेहऱ्याच्या गाड्या कॉम्प्युटर चालवतो, त्या आपल्याला पाहून मुद्दाम आडव्या येतात का? मला तर खात्रीच आहे. पहिला असलो की जास्त येतात. आणि कुठल्या गेममधलं ट्रॅफिक तुम्हाला खरोखर आवडलं, तेही लिहा. प्रतिस्पर्धी गाड्यांवर ढिगाने धागे आहेत, या बिचाऱ्यांवर एकही नाही.

तिरकस

व्हॅनच्या बाजूने विचार करा. ती सत्तरने चाललीये, इंडिकेटर देतीये, लेन बदलतीये. मागून एक इसम ३००ने येतो आणि नंतर धागा काढतो.

जुना जॉयस्टिक

तिरकस +१.

शर्यतीत परकी गाडी आडवी येणं जुनंच आहे. १९८६च्या 'आउटरन'मध्येही ट्रक आणि मोटारी वाटेत असायच्याच. पण तिथे रस्ता एका दिशेचा, म्हणजे त्या गाड्या म्हणजे रुळांवरचे अडथळे. मला ट्रॅफिकमध्ये पहिल्यांदा 'गाव' दिसलं ते १९९९च्या 'मिडटाउन मॅडनेस'मध्ये. शिकागो शहर, कुठेही वळा. सिग्नल लाल झाला की गाड्या थांबायच्या, हिरवा झाला की निघायच्या. आपण मात्र फुटपाथवरून. पादचारी उड्या मारून वाचायचे, एकही सापडायचा नाही. नुसतं भटकायच्या मोडमध्ये ट्रॅफिक किती दाट हवं हे आपणच ठरवायचं. मी ते पूर्ण वाढवून, बस घेऊन चौकात आडवी लावायचो. शर्यत गेली उडत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात लंडन आलं आणि गाड्या डावीकडून चालायला लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोमधून लंडनला गेलं की पहिली दहा मिनिटं समोरासमोर धडका. म्हणजे बघा, नकळत आपण ट्रॅफिकवरूनच रस्ता वाचत असतो.

अर्धवट कोडर

धागाकर्ते, मी व्यवसायाने गेमवाला नाही, पण फावल्या वेळात एक छोटा रेसिंग गेम तीन वर्षं करतोय (संपणार नाही, माहीत आहे). त्यातलं ट्रॅफिक पूर्ण मीच लिहिलंय, तेव्हा व्हॅनची बाजू थोडी आतून सांगतो.

रस्त्याखाली आपल्याला न दिसणारं रेषांचं जाळं असतं. प्रत्येक लेनची एक रेषा, चौकात त्या रेषा एकमेकींना जोडलेल्या. ट्रॅफिकची गाडी त्या रेषेवरून चालते. तिला खरा सस्पेन्शन, टायरची पकड वगैरे बहुतेक वेळा नसतंच. रेषेवरचा एक ठिपका, त्यावर गाडीचं चित्र. तुम्ही धडकलात की त्या क्षणी तिला खरं भौतिकशास्त्र मिळतं आणि ती कोलांट्या खाते. म्हणूनच धडकेआधी ती इतकी शहाण्यासारखी, इस्त्री केल्यासारखी चालते.

आता लेन बदलणं. माझ्या गेममध्ये गाडी आधी बघते की शेजारच्या लेनमध्ये पुढे जागा आहे का, आणि मागे साधारण ५० मीटरपर्यंत कुणी आहे का. नसेल तर इंडिकेटर, मग अडीच सेकंदांत शेजारच्या लेनमध्ये. सत्तरने चालणाऱ्या गाड्यांसाठी हे पुरेसं आहे, खरं तर सभ्य आहे.

आता तुम्ही या. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. व्हॅन ७०ने, म्हणजे सेकंदाला १९. तुमच्यातलं अंतर दर सेकंदाला ६४ मीटरने कमी होतंय. व्हॅनने मागे पाहिलं तेव्हा तुम्ही समजा १५० मीटर मागे होतात. तिच्या हिशेबात लेन रिकामी. तिने वळायला घेतलं, अडीच सेकंद लागणार, आणि तेवढ्यात तुम्ही तब्बल १६० मीटर जवळ आलात. म्हणजे तिची लेन बदलून पूर्ण होते नेमकी तुमच्या बॉनेटवर. कुणी ठरवलेलं नाही. ५० मीटर आणि अडीच सेकंद या दोन आकड्यांनी ते घडवलं.

तुमच्या गेममध्ये आकडे वेगळे असतील. पण संशयित तेच.

तिसरा गिअर

मानलं राव. पण मग त्या ५० मीटरच्या जागी २०० करा की! किंवा तिला माझा वेग सांगा. गेमला सगळं माहीत असतं, व्हॅनला सांगायला काय जातं?

अर्धवट कोडर

केलं होतं. ऐका त्याची गंमत.

वाहतूकशास्त्रात यासाठी तयार सूत्रं आहेत, गेमसाठी नव्हे तर खऱ्या रस्त्यांच्या अभ्यासासाठी केलेली. पुढच्या गाडीमागे कसं चालायचं याचं एक प्रसिद्ध प्रारूप ट्रायबर, हेन्नेके आणि हेल्बिंग यांनी २००० साली मांडलं, 'इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल'. पाचच आकडे द्यायचे: मोकळ्या रस्त्यावर किती वेगाने जायला आवडेल, पुढच्यापासून किती सेकंदांचं अंतर, थांबल्यावर कमीत कमी किती मीटर, वेग किती जोरात वाढवायचा आणि ब्रेक किती हळुवार दाबायचा. एवढ्यावर गाडी माणसासारखी चालायला लागते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लेन बदलण्यासाठी त्याच कुळातलं 'मोबिल' नावाचं प्रारूप आहे. त्यात लेन बदलणारा विचार करतो की माझ्यामुळे मागच्याला किती जोरात ब्रेक मारावा लागेल? ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वळायचंच नाही.

मी ते लावलं, आणि खेळाडूचा खरा वेग त्यात दिला. परिणाम? माझ्यासमोर कुणीच कधीच लेन बदलेना. बरोबरच होतं, ३००ने येणाऱ्यासमोर कुठलाही शहाणा माणूस वळणार नाही. पण गेम मेला. सगळ्या गाड्या आपापल्या लेनमध्ये पुतळ्यासारख्या, मी मधून स्लॅलमच्या (बर्फावरच्या नागमोडी शर्यतीतल्या) काठ्या चुकवल्यासारखा. दहा मिनिटांत जांभया.

मग उलटं केलं. आता गाड्या वळतात, पण इंडिकेटर आधी दीड सेकंद लागतो आणि वळायला सुरुवात झाली की माघार नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं. आधी मी त्यांना माघार घ्यायची मुभा दिली होती. मग व्हायचं काय, गाडी वळायला लागायची, मी पाहून दुसऱ्या बाजूने काढायचो, तेवढ्यात तिला मी दिसायचो आणि ती घाबरून परत माघारी, थेट माझ्यावर. अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोघे एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं. माझा एकुलता एक परीक्षक (धाकटा भाऊ) कंट्रोलर फेकून निघून गेला होता.

वळणवेडी

'वळायला लागली की माघार नाही' हे वाक्य वाचून फार बरं वाटलं, कारण मला नेमकं हेच कधी शब्दांत सांगता आलं नव्हतं. ट्रॅफिक मूर्ख असलं तरी चालतं, खोटारडं नको.

माझा जीव 'बर्नआउट'वर. तिथे ट्रॅफिक हा अडथळा नसून इंधन आहे. उलट्या दिशेने चालवा, समोरच्या गाडीला घासून जा, बूस्ट (जादा वेगाचा साठा) भरतो. 'बर्नआउट ३'मध्ये (२००४) चौकात गाडी घुसवून जास्तीत जास्त नासधूस करायचा क्रॅश मोड होता. त्यात ट्रॅफिक दर वेळी ठरल्या क्रमानेच यायचं. बस कधी येणार, टँकर कुठून येणार, सगळं पाठ. शर्यत कमी आणि बिलियर्ड्स जास्त. मी एकाच चौकावर अख्खा शनिवार घालवलाय आणि मला त्याची लाज नाही.

मग २००५मध्ये 'रिव्हेंज' आला आणि त्यांनी आपल्या दिशेने जाणाऱ्या छोट्या गाड्यांना मागून ठोकर मारून उडवायची सोय दिली. बस-ट्रक आणि समोरून येणाऱ्या गाड्या मात्र तशाच जीवघेण्या. माझ्या मते तिथे मजा अर्धी झाली. ज्या गाडीला घाबरायचं तीच आता दगडासारखी दुसऱ्यावर भिरकवायची, म्हटल्यावर रस्त्याकडे बघायचं कशाला?

तिरकस

असहमत. 'रिव्हेंज'मध्ये एका हॅचबॅकला ढकलून ती प्रतिस्पर्ध्याच्या टपावर पडली तेव्हा जो आनंद झाला तो मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

वळणवेडी

तिरकस, तुमच्या पदवीबद्दल सहानुभूती.

मुद्द्याचं एक राहिलं. जिथे वेळेची स्पर्धा असते, जगभरच्या लोकांचे आकडे एका यादीत लागतात, तिथे नशिबाने येणारं ट्रॅफिक मला अजिबात मान्य नाही. मी निर्दोष लॅप मारायचा आणि पुलावर ट्रक आला म्हणून दोन सेकंद गमवायचे? तिथे एकतर ट्रॅफिक काढा किंवा सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने द्या. फिरताना मात्र कितीही बेभरवशाचं असू दे.

निवांत

मी बहुधा इथला एकटाच असेन जो रेसिंग गेममध्ये शर्यत लावत नाही. दिवसभराचं काम संपलं की साठच्या वेगाने गाडी चालवतो, सिग्नल पाळतो, इंडिकेटर देतो. २००६च्या 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड'पासूनची सवय. हवाईमधलं ओआहू बेट, हजार मैलांहून जास्त रस्ते, एका बाजूला समुद्र. कुणी विचारलं तर सांगतो गाडीची चाचणी घेतोय.

या वेगाने चाललं की ट्रॅफिकचं सगळं पितळ उघडं पडतं. तुम्ही लोक ३००ने जाता, तुम्हाला दिसत नाही. माझ्या पुढे एक निळी सेडान असते, मी तिच्या मागे मागे जातो, ती कुठे जाते ते बघायला. ती कुठेही जात नाही. एका चौकात उजवीकडे, पुढच्या चौकात उजवीकडे, परत उजवीकडे, आणि आम्ही दोघं जिथून निघालो तिथेच. एकदा एका गाडीमागे पाऊण तास गेलो. शेवटी कंटाळून नजर वळवली, म्हणजे कॅमेरा मागे फिरवून सूर्यास्त बघितला, परत पुढे बघतो तर सेडान गायब. पुढे दोन किलोमीटर सरळ रस्ता. वाईट वाटलं हो.

कोडरभाऊ, तुम्ही त्यांना मारता का?

अर्धवट कोडर

मारतो. माफ करा.

अख्ख्या नकाशावर गाड्या कधीच नसतात. खेळाडूभोवती एक वर्तुळ असतं, त्याच्या कडेवर गाड्या जन्मतात आणि त्याच्या बाहेर गेल्या की पुसल्या जातात. माझं वर्तुळ ४०० मीटरचं. पाठीमागे मी फार आधी पुसतो, कारण तिथे कोण बघतंय? तुमच्यासारखा कुणी सूर्यास्त बघायला मान वळवेल असं मी गृहीतच धरलं नव्हतं. तुम्ही मागे बघितलंत त्या क्षणी सेडान 'मागे' गेली.

तुम्हाला ४०० मीटर खूप वाटेल, पण तिसऱ्या गिअरला विचारा. समोरून सत्तरने गाडी येतेय आणि हे ३००ने निघालेत, दोघांचा मिळून वेग सेकंदाला १०३ मीटर. जन्मल्यापासून टक्कर व्हायला चार सेकंदही नाहीत. त्यात पुढे चढ किंवा वळण असेल तर गाडी दिसते शेवटच्या एका सेकंदात. म्हणून अनेक गेममध्ये हायवे इतके रुंद आणि सरळ वाटतात. वर्तुळ मोठं करावं तर गाड्या वाढतात, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) बसतो. गाड्यांची संख्या तीच ठेवून वर्तुळ मोठं करावं तर रस्ता ओस पडतो.

अवांतर : 'जीटीए ३' खेळलेल्यांना आठवत असेल, आपण जी गाडी चोरावी तीच मग सगळीकडे दिसायला लागायची. तो भास नव्हता. प्लेस्टेशन २ची मुख्य मेमरी ३२ एमबी. एका वेळी मोजकीच मॉडेल त्यात मावायची. तुम्ही चालवताय ते मॉडेल मेमरीत आहेच, मग रस्त्यावर तेच उभं करणं सर्वात स्वस्त.

निवांत

माफ केलं. पण मला एक सांगा, गेममध्ये कधी खराखुरा जॅम का होत नाही? मी पुलावर गाडी आडवी लावून पाहिली. मागे सहा-सात गाड्या थांबल्या, हॉर्न वाजवले, आणि आठवी कधी आलीच नाही.

अर्धवट कोडर

कारण आठवीला जन्मायला जागा राहिली नाही, किंवा जॅम वाढू नये म्हणून तिकडे गाड्या सोडणं थांबवलं गेलं. अडकलेल्या गाड्या ही आमची सर्वात मोठी डोकेदुखी. चौकात दोन गाड्या एकमेकींना 'आधी तुम्ही' करत उभ्या राहिल्या की तो चौक कायमचा बंद. माझ्याकडे सोपा उपाय आहे: वीस सेकंद हलली नाही आणि कॅमेऱ्यात नाही, तर पुसा.

पण खरा जॅम करता येतो, आणि तो कुणीही आडवं न लावता. जपानमध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २००८मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सारख्या वेगाने चालवा म्हणून सांगितलं. सिग्नल नाही, अपघात नाही. थोड्या वेळाने आपोआप एक गर्दीची गाठ तयार झाली आणि गाड्या पुढे जात असताना ती गाठ मात्र उलटी, मागे मागे सरकत राहिली. मी माझ्या गेममध्ये तेवढंच वर्तुळ आखलं, २२ गाड्या सोडल्या. आधी काहीच होईना. मग वेग वाढवण्याचा आकडा थोडा कमी केला, म्हणजे गाड्या सुस्त केल्या, आणि एका गाडीला हलकासा ब्रेक मारायला लावला. गाठ पडली! लाल दिव्यांची लाट उलटी फिरत होती आणि मी वरून बघत बसलो होतो. त्या रात्री खऱ्या गेमचं काम शून्य झालं.

वळणवेडी

मित्रमंडळींबरोबर ऑनलाइन खेळताना ट्रॅफिक एकदम विरळ का होतं, याचं उत्तर आहे का कुणाकडे? आणि मी ट्रकला धडकले तरी मैत्रिणीच्या स्क्रीनवर मी त्याच्या आरपार गेले असं ती शपथेवर सांगते.

अर्धवट कोडर

मी ऑनलाइनच्या वाटेला गेलो नाही, पण साधं गणित करा. तुमच्या दोघींच्या मशीनमध्ये दहावा भाग सेकंदाचा उशीर धरा. ३००च्या वेगाला तेवढ्यात आठ मीटर होतात, जवळपास दोन गाड्यांची लांबी. तुमच्याकडे ट्रक अजून पुढे आहे, तिच्याकडे तुम्ही त्याच्या पोटात आहात. दोघीही खरं बोलताय. त्यात प्रत्येक ट्रॅफिक गाडीची जागा सगळ्यांना सतत कळवत राहायची. त्यापेक्षा गाड्या कमी करणं सोपं.

जुना जॉयस्टिक

एवढे प्रतिसाद झाले आणि 'ड्रायव्हर : सॅन फ्रान्सिस्को'चं (२०११) नाव कुणी घेतलं नाही? निषेध!

त्यात नायक कोमात असतो, आणि त्या अवस्थेत शहरावर तरंगत जाऊन कुठल्याही ट्रॅफिक गाडीत शिरू शकतो. म्हणजे तिसऱ्या गिअरची ती व्हॅन तिथे आपली असते. पाठलाग करताना मागून जाऊन पकडायची गरज नाही, समोरून येणाऱ्या ट्रकमध्ये शिरा आणि गुन्हेगाराच्या तोंडावर घाला. एका शर्यतीत तर पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक आपल्यालाच आणायचे असतात, मग या गाडीतून त्या गाडीत उड्या. शिरलं की शेजारी बसलेला माणूस काहीतरी बोलत असतो, संसारातली भांडणं वगैरे, आणि मग आपण अचानक वेड्यासारखी गाडी पळवतो तेव्हा त्याची किंकाळी. बिनचेहऱ्याच्या गाड्यांना चेहरा देणारा मला तरी दुसरा गेम आठवत नाही.

तिरकस

जॉयस्टिककाका, यावर तरी सहमत. बाकी ज्यांना ट्रॅफिक 'खरं' हवंय त्यांनी 'बीमएनजी' हा गेम घ्यावा. तिथे ट्रॅफिकची गाडीसुद्धा तुमच्या गाडीसारखीच पूर्ण चेपते, पत्रा न् पत्रा. मी हौसेने दहा गाड्या सोडल्या. कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा वाजायला लागला आणि ट्रॅफिक सोडून मीच स्लो मोशनमध्ये गेलो.

तिसरा गिअर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आज वेळ काढून ती शर्यत रिप्लेमध्ये परत पाहिली. काल माझ्या गाडीमागच्या कॅमेऱ्यातून पाहिली होती. आज कॅमेरा सोडवला आणि नेऊन व्हॅनच्या टपावर ठेवला, तोंड मागे.

इंडिकेटर लागला तिथे थांबवलं. मागे लांबवर रस्ता, ट्रक, आणि रस्त्याच्या टोकाला दोन पांढरे ठिपके, एकमेकांना चिकटलेले. ते माझे हेडलाइट. फ्रेम-फ्रेम पुढे नेलं. इंडिकेटर तीनदा लुकलुकला. तिसऱ्यांदा लुकलुकला तेव्हा ठिपक्यांची गाडी झाली होती, आणि त्यानंतर लगेचच स्क्रीनभर माझं बॉनेट.

तीनदा! मी एकदाही पाहिला नव्हता. तेव्हा मी कोपऱ्यातल्या नकाशात दुसरा किती मागे आहे ते बघत होतो.

तिरकस

व्हॅनचा विमा होता का?